उपाशी झाडाची बरदास्त: ठाण्याच्या ग्रिलमध्ये दवबिंदू

दवबिंदू म्हणजे चिकट पानांवर कीटक पकडून खाणारं इवलंसं झाड. माझं पहिलं तांदळाच्या धुवणाने मेलं. सासूबाई रोज सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला आणि गुलाबाला घालतात, आणि तिन्ही झाडं त्यांच्या हाताखाली झकास आहेत. खिडकीच्या ग्रिलमध्ये मी ठेवलेली इवलीशी कुंडी त्यांच्या नजरेला पडली. झाड पाच रुपयांच्या नाण्याएवढं, पानं लालसर, कुणालाही आजारी वाटावं असं. "अगं, उपाशीच होतं बिचारं," त्या मला म्हणाल्या, "रोज घालतेय धुवण. आता बघ कसं तरारेल." तीन आठवड्यांत कुंडीवर पांढरी बुरशी धरली, आंबूस वास यायला लागला आणि झाडाचा गाभा काळा पडला.

त्यांची चूक नव्हती. झाड उपाशीच होतं, फक्त त्याला तसंच राहायचं होतं. बाकीच्या झाडांना वाढवायचं म्हणजे खत, चांगली माती, वेळेवर पाणी. दवबिंदूच्या बाबतीत यातलं पाणी तेवढं खरं, आणि तेही कुठलंही चालत नाही. गेल्या सात वर्षांत घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी ही झाडं मारली, परत लावली आणि आता बियांपासून करते आहे. त्यातून जे जमलं ते पुढे सगळं सांगते.

आधी सडा डोळ्यांसमोर आणा

हे झाड कुठून आलं ते कळलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे सडे बघितलेत ना? जांभ्या दगडाची सपाट पठारं. उन्हाळ्यात तिथे उघडा, तापलेला कातळ असतो. जूनमध्ये पाऊस लागला की पाणी दगडात फारसं मुरत नाही, वरच्या दोन बोटं जाड मातीतून झिरपत, वाहत राहतं. चार महिने हे धुणं चालतं. मातीत जे काही नत्र-स्फुरद असेल ते वाहून जातं आणि मागे उरते आंबट, निकस, सदैव ओली माती. वर मात्र ऊन भरपूर, कारण अशा जागी मोठं झाड उभंच राहत नाही.

आता अशा जागी जगायचं कसं? कासच्या पठारावर सप्टेंबरात गुडघ्यावर बसून बघितलं तर एका हाताच्या अंतरात या प्रश्नाची तीन उत्तरं दिसतात. पिवळी फुलं मिरवणारा कवला शेंगवर्गातला. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पकडून देतात. शेजारी जांभळी-निळी सीतेची आसवं. तिच्या जमिनीतल्या बारीक धाग्यांवर सूक्ष्म फुगे असतात आणि ते पाण्यातले जीव ओढून घेतात. आणि त्या दोघांच्या पायाशी, शेवाळाला चिकटून बसलेला दवबिंदू. त्याच्या पानांवरच्या केसांच्या टोकांना दवासारखे चिकट थेंब असतात आणि त्यांत तो कीटक पकडतो. अन्न तो बाकी झाडांसारखंच उन्हात तयार करतो. कीटकातून त्याला हवं असतं ते नत्र आणि स्फुरद, म्हणजे आपण खतातून देतो तेच.

महाराष्ट्रात याच्या तीन जाती भेटतात. ड्रोसेरा बर्मानी, म्हणजे नुसता दवबिंदू, जमिनीला चपटा, गुलाबाच्या फुलासारखी पानांची मांडणी, दोन-तीन सेंटिमीटरचा. ड्रोसेरा इंडिका, म्हणजे गवती दवबिंदू, उभा, लांबट दोरीसारखी पानं, फूल गुलाबी. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याला हे शास्त्रीय नाव दिलं. तिसरी ड्रोसेरा पेल्टाटा, अर्धचंद्राकृती पानांची, जमिनीत कंद धरणारी. पाऊस सरला की ही वरून मरते आणि कंदाच्या रूपाने पुढच्या पावसाची वाट बघते. पहिल्या दोन जाती कासलाही दिसतात, आणि गवती दवबिंदू कोकणातल्या किनाऱ्याजवळच्या सड्यांवरही आहे. जगभरात ड्रोसेराच्या सुमारे दोनशे जाती आहेत. नावाचं मूळ ग्रीक 'द्रोसोस', म्हणजे दव. आपल्याकडच्यांना ग्रीक येत नसतानाही तेच नाव सुचलं याची मला गंमत वाटते.

कासला बघायला जायचं तर साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर आहे, आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. दवबिंदू शोधायचा असेल तर फुलांच्या गालिच्याकडे बघू नका. जिथे पाणी झिरपतंय, जमीन काळपट-ओली आहे, गवत विरळ आहे आणि गेंदाची पांढरी बटणं उभी आहेत, तिथे कडेला थांबा. सकाळचं ऊन समोरून येईल असे बसा. उलट्या उजेडात लाल ठिपके चमकताना दिसले की झालं काम. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असू द्या. पाय ओल्या शेवाळावर ठेवू नका, आणि फोटो टाकताना नेमकी जागा सांगू नका.

आणि उपटून आणायचा विचार आला असेल तर तो तिथेच सोडा. नीती-कायद्याचं बाजूला ठेवलं तरी व्यवहारात ते वेडेपण आहे. गवती दवबिंदू मुळं हलवली की सहसा जगतच नाही. राष्ट्रीय उद्यानातून, मग ते आपलं येऊर का असेना, रोप काढणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे.

कुठली जात घ्यायची

ऑनलाइन आणि प्रदर्शनांत सगळ्यात जास्त मिळतो तो दक्षिण आफ्रिकेतला केप सनड्यू, ड्रोसेरा केपेन्सिस. पट्टीसारखी लांब पानं, दिसायला देखणा, पुस्तकात 'नवशिक्यांसाठी उत्तम' असं लिहिलेला. ते थंड हवेच्या लोकांनी लिहिलेलं असतं. ठाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो खूश असतो आणि एप्रिल-मेमध्ये माझ्या जिवाला घोर लावतो. जमतो, पण उन्हाळ्यात त्याला सावलीत हलवावं लागतं.

माझं मत विचाराल तर पहिलं झाड बर्मानीच घ्या. आपल्या उकाड्यात तो जन्मलाय. लवकर फुलतो, स्वतःच बी धरतो, आणि त्याच्या पानांच्या कडेचे लांब केस इतके झटपट वळतात की भिंगातून हालचाल चक्क दिसते. अडचण एकच, तो अल्पायुषी असतो. त्याबद्दल शेवटी बोलू.

विकत घेताना कुंडीतली माती बघा. नर्सरीत वाढवलेलं रोप तपकिरी पीटमध्ये (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) किंवा मॉसमध्ये, म्हणजे सुकवलेल्या शेवाळात, असतं. लाल माती आणि जांभ्याची खर चिकटलेलं, कुंडीच्या मानाने मोठं, एकाला एक न जुळणारं रोप दिसलं तर ते सड्यावरून उचललेलं समजा आणि घेऊ नका. मला एका विक्रेत्याने असा गवती दवबिंदू 'दुर्मीळ' म्हणून चढ्या भावात विकला होता. सहा दिवस टिकला. चूक माझीच, मी विचारलं नाही.

कुरियरने आलेलं रोप बहुधा ओल्या मॉसमध्ये गुंडाळलेलं, चिकटा पुसून गेलेलं, केविलवाणं दिसतं. घाबरू नका. लावून, वर बिसलरीच्या बाटलीचा कापलेला अर्धा भाग झाकून, आठ-दहा दिवस उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा. मग रोज थोडा थोडा वेळ झाकण काढत जा. नव्या पानांवर दव दिसलं की ते रुळलं.

पाणी: इथेच सगळं जिंकायचं किंवा हरायचं

दवबिंदूची मुळं क्षार सोसत नाहीत. पाण्यातले क्षार कुंडीत साठत जातात, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणून सगळ्यात आधी टीडीएस मीटर घ्या, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनासारखा, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आकडा ५० च्या खाली असेल तर निर्धास्त घाला. ५० ते १०० वर दिवस काढता येतात, पण महिन्यातून एकदा कुंडी वरून भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन काढावी लागते. त्याच्या वर नको.

आमच्याकडे मी मोजलेले आकडे सांगते. नळाचं पाणी ८० च्या आसपास, धरणाचं असल्यामुळे तसं बरंच हलकं. मेमध्ये सोसायटी टँकर मागवते तेव्हा त्याच नळाला ७०० लागले होते, आणि नळ तोच असल्यामुळे मला पत्ताच नव्हता. एका आठवड्यात दोन कुंड्यांची पानं टोकाकडून करपली. तेव्हापासून नळाचं पाणी वापरायचं झालं तर दर वेळी मोजून. आरओच्या पाण्यावरही डोळे मिटून विश्वास नको, कारण चवीसाठी त्यात क्षार परत मिसळलेले असतात. आमच्या मशीनचं ६० निघालं. आरओमधून वाया जाणारं पाणी तर अजिबात नाही, सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी मात्र १५ भरलं. एसीचे फिल्टर वेळेवर साफ होत असतील तर मी ते बिनदिक्कत घालते.

पण पावसाच्या पाण्याची सर कशालाच नाही. आपल्या ठाण्यात वर्षाला दोन-अडीच हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि तरी लोक दवबिंदूसाठी डिस्टिल्ड वॉटरचे कॅन मागवतात, हे बघून मला हसू येतं. पहिले दोन-तीन पाऊस हवेतली आणि छपरावरची धूळ धुवायला सोडून द्या. मग ग्रिलवरच्या प्लास्टिकच्या पत्र्याची पागोळी बादलीत धरा. गच्चीच्या सिमेंटवरून वाहून आलेलं पाणी नको, त्यात चुना उतरतो. पंचातून गाळून, झाकणाच्या गडद रंगाच्या कॅनमध्ये भरून अंधारात ठेवा, म्हणजे शेवाळ धरत नाही.

किती साठवायचं? दोन लहान कुंड्यांना दिवसाला साधारण दीडशे मिली लागतं. ऑक्टोबर ते मे धरले तर छत्तीस-सदतीस लिटर. वीस लिटरचे दोन कॅन आमच्या पलंगाखाली राहतात. घरच्यांना त्याची सवय झाली आहे.

कुंडी आणि तिच्यात काय भरायचं

प्लास्टिकची कुंडी घ्या, दहा-बारा सेंटिमीटर खोल, तळाला भोकं असलेली. मातीची कुंडी सुंदर दिसते पण तिच्या अंगातून क्षार झरतात आणि वरचे क्षार ती धरूनही ठेवते. सिमेंटची तर नकोच.

भरायचं मिश्रण माझं असं: पीट मॉस (म्हणजे पीटच) दोन वाट्या, परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे, हलके खडे) एक वाटी. परलाइटऐवजी जाड सिलिका वाळू चालते, जी पाण्याच्या फिल्टरवाल्यांकडे किंवा फिशटँकच्या दुकानात मिळते. वाळूवर व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा. बुडबुडे आले तर त्यात शिंपल्यांचा चुना आहे, परत करा. बांधकामाची रेती कितीही स्वस्तात मिळाली तरी वापरू नका, खाडीची असेल तर मिठासकट येते. परलाइट आधी भिजवा मगच हाताळा, त्याची पूड नाकात जाते.

कोरडं पीट पाणी घेत नाही, तरंगत राहतं. कोमट पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी हाताने मळा, पुरणासारखं. हे पाणीही पावसाचंच, नाहीतर सुरुवातच चुकली. पीटच्या पोत्यावर 'खतयुक्त' लिहिलंय का ते बारीक अक्षरांत बघा. बऱ्याच कंपन्या बागेसाठी म्हणून त्यात खत मिसळून विकतात.

कोको पीट चालेल का, असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. आपल्याकडे तेच स्वस्त आणि मुबलक, म्हणून प्रश्न रास्त आहे. नारळाच्या सोडणात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, पुष्कळदा ती खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात. चार-पाच वेळा धुऊन, शेवटच्या धुवणाचं टीडीएस घातलेल्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत खटाटोप करायची तयारी असेल तर जमतं. मी दोनदा केलं. दुसऱ्या वेळी धुण्यात एवढं पावसाचं पाणी गेलं की पीटच परवडलं.

शेणखत, गांडूळखत, कंपोस्ट, निंबोळी पेंड, चहाचा चोथा, यातलं काहीही नाही. चिमूटभरसुद्धा.

ट्रे, आणि महापालिकेचा माणूस

कुंडी एका उथळ ट्रेमध्ये ठेवा आणि ट्रेमध्ये एक-दोन सेंटिमीटर पाणी ठेवा. झाड खालून हवं तेवढं पाणी ओढून घेतं. वरून पाणी घालायची गरज नाही आणि घातलं तर दव धुऊन जातं. एवढी सोपी पद्धत, पण तिच्यात एक मेख आहे.

मागच्या जुलैत डासांच्या अळ्या तपासायला पालिकेचा कर्मचारी घरी आला. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "दादा, ही झाडं डास खातात." त्याने टॉर्च ट्रेवर मारला, बोट दाखवलं आणि शांतपणे म्हणाला, "ताई, खातात की पाळतात?" ट्रेमध्ये चार वळवळ्या होत्या.

डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा. आमचा शनिवार. ट्रे रिकामा करायचा, कडा ब्रशने घासायच्या कारण अंडी कडेला चिकटलेली असतात, तासभर उन्हात वाळवायचा आणि मग नवं पाणी. पावसाळ्यात ट्रेच्या कडेला एक सेंटिमीटर उंचीवर तापलेल्या सुईने भोक पाडा, जास्तीचं पाणी आपोआप वाहून जातं. दवबिंदू डास पकडतो, हे खरं. पण घरातले डास कमी व्हावेत म्हणून कुणी घेत असेल तर जाळीच लावा.

ऊन, वारा, धूळ

पानांचा लाल रंग हीच उजेडाची खूण. पानं हिरवी, लांबुळकी आणि कोरडी राहिली तर उजेड कमी पडतोय. पूर्वेची खिडकी सगळ्यात सोयीची, सकाळचं तीन-चार तास ऊन आणि पुढे दिवसभर मोकळा उजेड. दक्षिण चांगली. पश्चिमेला मार्चपासून पातळ हिरव्या जाळीची सावली लागते. फक्त उत्तर असेल तर साधी पांढरी एलईडी वीतभर उंचीवरून बारा तास लावा. ढगाळ आषाढात तसंही ती उपयोगी पडते.

मेमध्ये झाडापेक्षा कुंडी तापते. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात धरली तर हाताला चटका बसतो, मग मुळांचं काय होत असेल? कुंडीला पांढऱ्या कागदाने किंवा जुन्या सुती कापडाने गुंडाळा, किंवा ती मोठ्या कुंडीत ठेवून मधली पोकळी ओल्या मॉसने भरा. केप सनड्यूला याची सक्त गरज असते.

दुसरा खास आपल्याकडचा त्रास म्हणजे धूळ. मेट्रो आणि टॉवरची कामं चालू असलेल्या भागात चिकट पानांवर करड्या भुकटीचा थर बसतो. फुंकून जात नाही. फवारणीच्या बाटलीत पावसाचं पाणी घेऊन हलकेच धुवा, दव एक-दोन दिवसांत परत येतं.

धो-धो पावसात बाहेर ठेवलं तर? दव धुतलं जातं, इतकंच. सड्यावर ते हेच सोसतं. फक्त उंच मजल्यावर वाऱ्याच्या झोतात आलेला पाऊस कुंडीतलं पीट उडवतो, म्हणून वरती जाड सिलिकाचा पातळ थर द्या.

एक चिलट

हे एकदा तरी बघायला हवं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पिकलेल्या केळ्याची साल उघड्या बरणीत ग्रिलमध्ये ठेवली होती. अर्ध्या तासात चिलटं जमली. त्यातलं एक बर्मानीच्या पानावर उतरलं आणि पुढचा पाय एका थेंबाला लागला. पाय उचलला तर थेंब तारेसारखा लांबला, पाकाची एकतारी आल्यासारखा. त्याने दुसरा पाय टेकवून जोर लावला, तोही गेला. पंख फडफडले आणि एक पंख चिकटला. एवढ्यात पानाच्या काठावरचे लांब केस आत वळले आणि चिलट पानाच्या मध्यात ढकललं गेलं. यात काही सेकंदच गेले. मग आजूबाजूचे छोटे केस सावकाश झुकू लागले. चहा करून आले तोवर चिलट हलायचं थांबलं होतं. चिकटा अंगावरची श्वासाची छिद्रं बुजवतो, त्यात कीटक गुदमरतो. पुढे दोन-चार दिवस पान पाचक रस सोडतं आणि नंतर केस उघडतात तेव्हा पानावर फक्त काळं टरफल उरलेलं असतं.

पावसाच्या थेंबांनी मात्र हे केस वळत नाहीत. चार्ल्स डार्विनने १८६० पासून युरोपातल्या ड्रोसेरावर पुष्कळ प्रयोग केले आणि ते १८७५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याला आढळलं, की केसाचा इवलासा तुकडाही पानाला जाणवतो, पण वरून पडलेला पाण्याचा थेंब नाही. दूध, अंड्याचा पांढरा बलक, मांसाचं पाणी यांनी पान वळतं, तर साखर, डिंक, चहा यांनी ढिम्म हलत नाही. नत्र असेल तर उघडा दुकान, नसेल तर बंद. पावसाळी सड्यावर राहणाऱ्याला हा हिशोब ठेवणं भाग आहे, नाहीतर दर सरीला पान मिटून बसलं असतं.

खायला काय, किती

ग्रिलमध्ये किंवा बाल्कनीत असेल तर काही देऊ नका, स्वतःचं ते बघतं. बंद खिडकीआड किंवा दिव्याखाली असेल तर दोन आठवड्यांतून एकदा, दोन-तीन पानांना, प्रत्येकी एक चिलट पुरे. केळ्याच्या सालीची बरणी बाजूला ठेवणं हा सगळ्यात कमी कष्टाचा उपाय. नाहीतर माशांच्या खाद्याचा चुरा दोन थेंब पाण्यात भिजवून टूथपिकच्या टोकाने मोहरीएवढा पानावर ठेवा.

पाहुण्यांची मुलं आली की मटणाचा तुकडा किंवा झुरळ द्यायचा प्रस्ताव हमखास येतो. मोठा घास पानाला पचत नाही, सडतो आणि पान काळं पडतं. एखाददुसरं जुनं पान खाऊन झाल्यावर काळं पडणं मात्र नेहमीचं. गाभ्यातून नवं पान येतंय ना, तेवढं बघायचं.

कीड

कीटक खाणाऱ्या झाडालाही मावा लागतो, हे मला पहिल्यांदा विनोदी वाटलं होतं. तो कोवळ्या गाभ्यात, जिथे अजून चिकटा आलेला नसतो, तिथे बसतो. नवी पानं वेडीवाकडी येऊ लागली की भिंग घ्या. औषध मारण्याआधी कुंडीसकट झाड पावसाच्या पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवा, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. दवबिंदू ते सोसतो, बहुतेक मावा नाही. आठवड्याने परत एकदा करा. साबणाचं पाणी वापरू नका. पिठ्या ढेकूण असेल तर ओल्या कापसाच्या काडीने एकेक उचला. पीटवर हिरवं शेवाळ आलं तर हरकत नाही, फक्त ते झाडावर चढू लागलं की चिमट्याने उपटा.

मेलं म्हणजे चुकलं असं नाही

नोव्हेंबर-डिसेंबरात मला सगळ्यात जास्त घाबरे फोन येतात. "ताई, सगळं नीट करत होते, तरी वाळलं हो." मी विचारते, तुरा आला होता का? आला होता. काळे दाणे? हो, काहीतरी पूड होती, फेकली.

गवती दवबिंदू वर्षायू आहे. सडा कोरडा पडायच्या आत फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं, एवढंच त्याला ठाऊक. बर्मानीही बहुधा फुलून दमतो आणि वर्षभरात आटोपतो. तुमच्या ट्रेमध्ये पाणी असलं म्हणून त्याचं आयुष्य लांबत नाही. केप सनड्यू वर्षानुवर्षं राहतो आणि त्याचं पान किंवा मुळाचा तुकडा ओल्या मॉसवर ठेवला तरी नवी रोपं फुटतात, पण आपल्या सड्यावरच्या या दोघांचं सारं काही बीच.

फूल सकाळी काही तास उघडतं आणि मिटतं, बी आपोआप धरतं. बोंड तपकिरी झालं की खाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. मिऱ्याच्या पुडीसारखे काळे कण पडतील, तेच बी. बटर पेपरच्या पुडीत बांधा, पुडी छोट्या डबीत, डबी फ्रिजच्या दारात. तारीख आणि जात लिहा, नाहीतर जूनमध्ये तुम्हाला आठवणार नाही.

पेरणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात. मिश्रण वरीलच, वर पीट चाळून अर्धा सेंटिमीटर बारीक थर. ट्रेमधून पूर्ण ओलं होऊ द्या. बी घडी घातलेल्या कागदावरून बोटाने टिचक्या मारत विखरा आणि वर मातीचा कणही टाकू नका, उजेड लागला तरच ते रुजतं. पाणी फक्त खालून. वरून सर आली तर सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं, म्हणून पहिले काही आठवडे छपराखाली. दोन ते पाच आठवड्यांत टाचणीच्या डोक्याएवढी रोपं दिसतात. भिंगातून बघितलं तर त्या पहिल्या पानांवरही दव असतं. दाट उगवली तर हलवण्याची घाई नको, गौरी-गणपतीपर्यंत त्यांना तिथेच राहू द्या.

आमच्या फ्रिजच्या दारात आता तीन डब्या आहेत, मेथीच्या आणि हिंगाच्या डबीशेजारी. गेल्या डिसेंबरात त्यांच्यावर चिठ्ठ्या सासूबाईंनी लिहिल्या. दोनवर जात आणि तारीख आहे. तिसरीवर त्यांच्या वळणदार अक्षरात एवढंच आहे: "उपाशी झाड. पावसाचंच पाणी."